ऋतू, उजेड आणि दिवसांचा हिशेब

पुण्याहून साताऱ्याच्या वाटेला लागल्यावर भोर तालुक्यात, नसरापूर-कापूरहोळच्या परिसरात, कामथडी हे गाव आहे. नावातली थडी नदीकाठाची साक्ष देते. येथून पश्चिमेकडे तोंड केले की एका अंगाला वेल्ह्याचे गुंजण मावळ आणि दुसऱ्या अंगाला भोरचे हिरडस मावळ. डोंगर जसे चढत जातात तसा पाऊसही वाढत जातो आणि ज्वारी-बाजरीची शेते मागे पडून भातखाचरे सुरू होतात. काही वर्षांपूर्वी भोरकडे जाताना आम्ही या गावी थांबलो असता एका वृद्ध सुइणीशी बोलण्याचा योग आला. आयुष्यभर डोंगरातल्या वाड्यांवर जाऊन तिने बाळंतपणे केली होती. बोलता बोलता ती म्हणाली, "लावणीच्या दिसांत बाया फारशा बाहेर बसायच्याच न्हाईत, लेकरांनो. अंगातलं पाणीच सुकायचं. दिवाळी झाली, नवं भात पोटात गेलं, की मग समदं परत सुरू." आणि पाळी चुकली म्हणजे त्या बायका काय करीत, असे आम्ही विचारले तेव्हा ती हसली. "बाई काय करणार? सासू मोजायची. चुकली म्हंजे दिवस गेलं म्हणून खूश. आन् दिवस गेलं नाही असं कळलं, म्हंजे मग वांझ म्हणायला मोकळी."

एका म्हातारीच्या आठवणीवर इतिहास उभा करता येत नाही, हे आम्ही जाणतो. शिवाय तिच्या म्हणण्याचा दुसराही अर्थ संभवतो. मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत राबणारे मावळातले पुरुष शिमग्याला आणि गावच्या जत्रेला घरी येत. तेव्हा आषाढात पाळी न येणाऱ्या बायकांपैकी कित्येक खरोखरच गरोदर असणार. कित्येकींच्या अंगावर मूल पीत असणार, आणि अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी महिनोन्‌महिने थांबते हे तर सर्वांच्या माहितीचे आहे. तरीही सुइणीचे ते वाक्य आमच्या मनातून जाईना. स्त्रीच्या शरीराचा ऋतू आणि आभाळाचा ऋतू यांचा काही संबंध आहे काय, आणि असेल तर तो कोणत्या वाटेने चालतो, हा शोध आम्हाला बराच दूर घेऊन गेला.

आमच्या भाषेने हा संबंध केव्हाच मान्य केलेला आहे. ग्रीष्म-वर्षा हेही ऋतू आणि स्त्रीची पाळी हाही ऋतूच. मुलगी वयात आली की तिला ऋतू प्राप्त झाला म्हणायचे. सुश्रुताने शारीरस्थानात ऋतुकालाचे वर्णन करताना एक उपमा दिली आहे, ती मोठी मार्मिक आहे: दिवस मावळला की कमळ जसे मिटते, तसा ऋतुकाल सरल्यावर गर्भाशयाचा मार्ग मिटतो, असे तो सांगतो. उजेड आणि गर्भधारणा यांची सांगड घालणारी इतकी जुनी ओळ आमच्या पाहण्यात दुसरी नाही. अर्थात ती उपमा आहे, निरीक्षण नव्हे. मात्र हिशेबात आपले पूर्वज फारसे चुकले नव्हते. सुश्रुत बारा रात्रींचा ऋतुकाल मानतो, मनुस्मृती स्रावाच्या दिवसांसह सोळा रात्री धरते. आणि ज्या दिवसांत गर्भ राहू शकतो असे आज वैद्यक सांगते, त्यांतले बरेचसे या सोळांत येतात. उलट एकोणिसाव्या शतकातले युरोपीय डॉक्टर जनावरांच्या माजावरून अनुमान काढून असे समजत होते की पाळीच्या लगतचे दिवस फलदायी आणि महिन्याचा मध्य निर्धोक. सत्य नेमके याच्या उलट! १८५३ साली फ्रान्समधील आमियांच्या महागुरुस्वामींनी अशा निर्धोक दिवसांचा आधार घेणाऱ्या जोडप्यांविषयी रोमला विचारणा केली, तेव्हा त्यांना त्रास देऊ नये असे उत्तर आले. उत्तर उदार होते. पण ज्या शास्त्रावर ती जोडपी विसंबली होती ते शास्त्रच चुकीचे होते, आणि त्याची किंमत त्या काळच्या किती मातांनी मोजली असेल हे आज कोण सांगणार?

ही चूक दुरुस्त झाली ती १९२० नंतरच्या दशकात. जपानमधील निगाता येथील डॉ. क्यूसाकू ओगिनो यांनी आणि ऑस्ट्रियातील डॉ. हेर्मान क्नाउस यांनी स्वतंत्रपणे असे दाखवून दिले की स्त्रीबीज बाहेर पडण्याचा दिवस मागच्या पाळीपासून मोजून सापडत नाही. तो पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी येतो. या शोधात वापर आणि अडचण दोन्ही दडलेले होते. पुढची पाळी केव्हा येणार हे ठाऊक असेल तर हिशेब अचूक. पण ते आधी कळावे कसे? ज्या स्त्रीचे चक्र घड्याळासारखे फिरते तिला ते कळते. जिचे चक्र लावणीत लांबते, उपवासात लांबते, आजारपणात लांबते, तिला ते कळत नाही. कारण पाळीपासून बीज बाहेर पडेपर्यंतचा पहिला टप्पाच लवचीक असतो. शरीरावर ताण आला की तोच लांबतो, आणि दुसरा टप्पा बहुधा ठरल्यासारखा राहतो.

आपल्या घरांत हा विषय मोठ्याने कधी बोलला गेला नाही. तरी 'दिवस पाळणे' हा शब्द अनेक कुटुंबांना परिचित आहे. १९५१ च्या ऑक्टोबरात परमगुरुस्वामी बारावे पायस यांनी इटलीतील सुइणींपुढे केलेल्या भाषणात गंभीर कारण असता ही पद्धत ग्राह्य असल्याचे सांगितले आणि पुढे तिला अधिक भक्कम शास्त्रीय पाया मिळावा अशी अपेक्षाही व्यक्त केली; १९६८ च्या 'हुमाने विते' या परिपत्रकात सहाव्या पॉल यांनी शास्त्रज्ञांना तीच विनंती पुन्हा केली. पण त्याच सुमारास ही पद्धत चर्चच्या बाहेर, थेट भारत सरकारच्या हाती आली होती हे फार थोड्यांना आठवत असेल. स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीजींच्या निकटच्या, आणि श्रद्धेने ख्रिस्ती. कृत्रिम साधनांबद्दल त्यांच्या मनात किंतु होता. जागतिक आरोग्य संघटनेमार्फत १९५१ साली डॉ. अब्राहम स्टोन यांना पाचारण करण्यात आले, आणि दिल्लीची लोदी कॉलनी व म्हैसूर राज्यातील रामनगरम या दोन ठिकाणी प्रयोग सुरू झाले. निरक्षर बाईने दिवस मोजावेत कसे? डॉ. स्टोन यांनी मण्यांची माळ करविली. रोज एक मणी पुढे सरकवायचा. हिरवा मणी निर्धोक दिवसाचा, तांबडा मणी संयमाचा. कागदावर योजना सुरेख होती. परंतु त्या प्रयोगाच्या वृत्तांतात असे सांगितले आहे की रात्री घरात दिवा नसे, अंधारात हिरवे-तांबडे ओळखू येईना, आणि शेवटी रंगांच्या जोडीला मण्यांचे आकारच वेगळे करावे लागले! आयुष्यभर जपमाळेचे मणी अंधारात चाचपणाऱ्या आमच्या आज्यांना कोणी विचारले असते तर त्यांनी ही सूचना आधीच केली असती. असो. पद्धत चिकाटीने पाळणारी जोडपी थोडीच निघाली आणि सरकारचे लक्ष दुसऱ्या साधनांकडे वळले.

ज्या उजेडाअभावी मणी दिसत नव्हते, त्याच उजेडाने चक्र नियमित करता येईल काय, असा विचार पुढे एका अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाच्या डोक्यात आला. हा विचार अगदीच आकाशातून पडलेला नव्हता. कोंबड्यांच्या खुराड्यात दिवा लावून अंडी वाढतात, हे पाळणारे सांगतात. मेंढ्या आणि घोड्या दिवसाच्या लांबीप्रमाणे माजावर येतात. माणसाबद्दलही उत्तर ध्रुवाकडून वार्ता येत होत्या. फ्रेडरिक कुक हे डॉक्टर पिअरी यांच्या मोहिमेबरोबर ग्रीनलंडला गेले होते. १८९० नंतरच्या दशकात त्यांनी नमूद केले की तिथल्या दीर्घ रात्रीच्या महिन्यांत एस्किमो स्त्रियांची पाळी बहुधा थांबते आणि सूर्य परतल्यावर पुन्हा सुरू होते. फिनलंडमध्ये १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गर्भधारणा उजेडाच्या महिन्यांत अधिक होतात असे दिसले. या पार्श्वभूमीवर एडमंड ड्यूअन यांनी १९६७ साली एक निबंध लिहिला. चक्राच्या मध्यावरील तीन-चार रात्री, चौदाव्यापासून सतराव्या रात्रीपर्यंत, झोपण्याच्या खोलीत मंद दिवा ठेवावा आणि बाकी रात्री पूर्ण अंधार. असे केल्यास अनियमित चक्रे एकोणतीस दिवसांच्या आसपास येतात, असे त्यांना थोड्या स्त्रियांवरील प्रयोगात आढळले होते. चंद्राचे काम दिव्याकडून करून घ्यायचे, असाच हा प्रकार.

या ड्यूअन यांचे पुढचे सहकारी कोण, तर डॉ. जॉन रॉक आणि मिरियम मेन्किन. रॉक हे बॉस्टनचे निष्ठावान कॅथोलिक. १९३० नंतरच्या दशकात त्यांनी दिवस पाळण्याची पद्धत शिकविणारे चिकित्सालय चालविले. पुढे गर्भनिरोधक गोळीच्या निर्मितीत त्यांचा हात होता. गोळी चर्चने स्वीकारावी यासाठी १९६३ साली त्यांनी पुस्तक लिहिले, आणि १९६८ च्या परिपत्रकाने त्यांची घोर निराशा झाली. असा माणूस उतारवयात शयनगृहातल्या दिव्याच्या प्रयोगाशी जोडला गेला आणि १९७८ साली तिघांच्या नावे त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला, हे आम्हाला फार बोलके वाटते. दिव्याने चक्र खरोखरच नियमित झाले असते तर ज्या वादाने त्यांचे आयुष्य पोखरले तो वादच उरला नसता! परंतु मोठ्या चाचण्यांची जोड या कल्पनेला मिळाली नाही आणि दिव्याच्या भरवशावर कोणा जोडप्याने दिवस पाळावेत असे आज कोणताही जबाबदार डॉक्टर सांगणार नाही.

आता हा सगळा उजेड कामथडीला आणून पाहू. फिनलंडच्या हेलसिंकीत उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस जवळजवळ एकोणीस तासांचा आणि हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस सहा तासांहूनही कमी असतो. भोर-वेल्हे अठराव्या अक्षांशाच्या थोडे वर. येथे जूनचा दिवस तेरा तासांहून थोडा मोठा आणि डिसेंबरचा अकरा तासांचा. फरक दोन-सव्वादोन तासांचा. त्यातही गंमत अशी, की दिनदर्शिकेतले सर्वांत मोठे दिवस येथे ढगांखाली बुडालेले असतात. मृगापासून पुढे दोन-अडीच महिने डोंगरात सूर्याचे दर्शन दुर्मीळ. तेव्हा दिवसाची लांबी आमच्या मावळात स्त्रीच्या चक्रावर फार मोठे राज्य करीत असेल, हे संभवत नाही. रोनेबेर्ग आणि आशोफ या शास्त्रज्ञांनी १९९० साली जगातील दीडशेहून अधिक प्रदेशांच्या जन्मनोंदी तपासल्या, तेव्हा विषुववृत्तापासून दूर गेल्यावरच दिवसाच्या लांबीची छाया जन्मांवर स्पष्ट दिसली, तापमानाचीही दिसली, आणि विजेचा व कारखान्यांचा प्रसार झाला तसतशी ती पुसट होत गेल्याचेही दिसले.

मग सुइणीचे म्हणणे खोटे काय? आम्हाला तसे वाटत नाही. तिने उजेडाचे नावच घेतले नव्हते. ती लावणीबद्दल बोलत होती, आणि नव्या भाताबद्दल. नेपाळच्या डोंगरातील तामांग स्त्रियांचा अभ्यास कॅथरीन पॅन्टर-ब्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केला. तिथेही पावसाळ्यात डोंगरउतारावर भातलावणी; तिथेही बायका दिवसभर चिखलात वाकलेल्या. त्यांच्या लाळेतील प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मोजले, तेव्हा पावसाळ्यात ते हिवाळ्यापेक्षा घटलेले आढळले, आणि ज्यांचे वजन त्या दिवसांत उतरले होते त्यांच्यात अधिक. आफ्रिकेतील इतुरीच्या जंगलात शेती करणाऱ्या लेसे स्त्रियांतही टंचाईच्या महिन्यांत बीजकोशांचे काम मंदावते, असे पीटर एलिसन यांच्या गटाला दिसले. कोठीतले धान्य संपत आलेले, काम दुप्पट, झोप अर्धी, आणि वर अंगावर पिणारे मूल; अशा शरीराला निसर्गच सांगतो की आता नवा गर्भ नको. सुइणीने 'अंगातलं पाणी सुकतं' म्हटले ते शास्त्राच्या भाषेत नसेल. पण निरीक्षण पारखे होते.

आमच्या पुणे जिल्ह्यातही ऋतूचे हे ओझे मोजले गेले आहे. मात्र पाळीवर नव्हे, बाळांवर. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने १९९३ पासून जिल्ह्यातील सहा गावांत मातांच्या आहाराचा अभ्यास हाती घेतला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव आणि सहकाऱ्यांनी त्या माहितीच्या आधारे २००९ साली दाखविले की मातेचा आहार आणि तिचे श्रम हे दोन्ही हंगामानुसार बदलतात आणि गरोदरपणाचा कोणता भाग कोणत्या हंगामात गेला यावर बाळाचे आकारमान काही अंशी ठरते. म्हणजे गर्भात असल्यापासून मूल शेताचे पंचांग भोगीत असते!

याची नोंद इतिहासाला कुठे सापडेल, असा विचार करू लागलो तेव्हा आम्हाला आमच्याच धर्मग्रामांच्या वह्या आठवल्या. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली बाप्तिस्मा आणि विवाह यांची नोंद ठेवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले. त्या वह्या नंतर संशोधकांच्या हाती लागल्या. फ्रान्सच्या लुई आन्री यांनी १९५० नंतर अशाच वह्यांमधून जुनी कुटुंबे पुन्हा जुळविली, आणि बाप्तिस्म्याच्या तारखेतून नऊ महिने वजा करून गर्भधारणेचा हंगाम काढण्याची रीत रूढ झाली. त्यातून जुन्या युरोपात प्रायश्चित्तकाळातील संयमाची पुसट खूण दिसते. सुगीची आणि उन्हाची खूण त्याहून ठळक. आमच्याकडे चातुर्मासात हिंदू घरांतली लग्ने थांबतात, आपल्याकडे आगमनकाळात आणि प्रायश्चित्तकाळात. त्यामुळे पहिलटकरणींचे महिनेही त्या त्या समाजात बदलणार. भारताच्या बऱ्याच भागांत पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर जन्म अधिक होतात, म्हणजे गर्भधारणा सुगीनंतरच्या थंडीत. ज्यांच्या धर्मग्रामात जुन्या वह्या शाबूत असतील त्यांनी धर्मगुरूंच्या अनुमतीने नावे वगळून नुसते महिने मोजून पाहावेत. पण या वह्यांची मर्यादाही ओळखली पाहिजे. त्यांत जन्मलेल्यांची नावे असतात. चुकलेल्या पाळीची, न राहिलेल्या गर्भाची, 'वांझ' म्हणून माहेरी धाडलेल्या बाईची नोंद त्यांत नसते. वि. म. आणि कुमुदिनी दांडेकर यांनी पुणे जिल्ह्यातील जनन-मरणाची पाहणी १९५३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तशा मोलाच्या ग्रंथातूनही त्या बाईपर्यंत पोचता येत नाही.

आणि ज्या बाईची पाळी येई तिच्या वाट्याला विटाळ येई. पोप पहिले ग्रेगरी यांनी इंग्लंडमध्ये गेलेल्या ऑगस्टीनला इसवी सन ६०१ च्या सुमारास कळविले होते की पाळीतल्या स्त्रीला मंदिरात येण्यास मनाई करू नये, कारण निसर्गतः घडणाऱ्या गोष्टीचा दोष तिच्यावर येत नाही. चौदाशे वर्षे झाली. आमच्या काही घरांत अजूनही त्या चार दिवसांत वेदीची फुले दुसरीने रचावीत असा संकेत असतो. तो कुठून आला हे सांगायला नको.

चंद्राबद्दलही लिहिले पाहिजे, कारण 'चंद्राचा महिना तोच बाईचा महिना' हे आपण सर्वांनी ऐकले आहे. आफ्रिकेतील माली देशात डोगोन जमातीच्या स्त्रिया पाळीच्या दिवसांत वेगळ्या झोपडीत राहत. बेव्हर्ली स्ट्रासमन यांनी तिथे सलग ७३६ रात्रींची नोंद ठेवली. गावात वीज नव्हती. तरी पाळी आणि चंद्र यांचा मेळ दिसला नाही. उलट २०२१ साली जर्मनीतून प्रसिद्ध झालेल्या, बावीस स्त्रियांनी वर्षानुवर्षे लिहिलेल्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात काहींची चक्रे अधूनमधून चंद्राशी जुळताना आणि वयाबरोबर व रात्रीच्या दिव्यांबरोबर निसटताना दिसली. प्रश्न मिटलेला नाही. स्ट्रासमन यांच्या नोंदींनी आणखी एक गोष्ट पुढे आणली: सतत गरोदर किंवा पाजत्या असलेल्या त्या बायकांना आयुष्यात शंभराच्या आसपासच पाळ्या येत. आज शहरातल्या बाईला चारशेच्या आसपास येतात. सुइणीच्या काळातल्या मावळातल्या बायका यांपैकी कोणाच्या जवळ असतील, हे वाचकांनीच ठरवावे.

कामथडीहून भोरला जाताना भाटघरचे धरण लागते. १९२८ साली लॉइड धरण या नावाने ते पुरे झाले. त्याचा जलाशय आज येसाजी कंकांच्या नावाने ओळखला जातो आणि तिथे वीजही निर्माण होते. डोंगरातल्या वाड्यांवर दिवे लागले, पाण्याचे पंप आले, धान्याची टंचाई सरली, आणि लावणीचा ताण पूर्वीसारखा राहिला नाही. पण त्याच वाटेवर कारखाने उभे राहिले. १९४८ च्या कायद्याने कारखान्यातल्या स्त्रियांना रात्रपाळीपासून दूर ठेवले होते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये अटी घालून ते दार उघडले. रुग्णालयातल्या परिचारिकांना तर ते कधीच बंद नव्हते, आणि आपल्या समाजात परिचारिका किती आहेत हे सांगायला नको. रात्रीच्या प्रखर उजेडाने मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीचे मेलाटोनिन हे संप्रेरक दबते, हे १९८० साली सिद्ध झाले. अमेरिकन परिचारिकांच्या २०११ सालच्या मोठ्या अभ्यासात ज्यांनी फिरत्या रात्रपाळ्या अधिक केल्या त्यांची चक्रे अधिक अनियमित आढळली. ध्रुवावरची ती लांब रात्र आता उलटी होऊन दवाखान्याच्या वॉर्डात आली आहे, आणि येथे अक्षांशाची सवलत नाही.

म्हणूनच कॅलेंडरवर दिवस मोजण्यापेक्षा शरीराची खूण ओळखण्याची पद्धत आम्हाला अधिक न्याय्य वाटते. मेलबर्नच्या जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज या डॉक्टर दांपत्याने १९५० नंतर ती विकसित केली. बंगळूरसह पाच देशांतील केंद्रांवर जागतिक आरोग्य संघटनेने तिची चाचणी घेतली; पहिल्याच चक्रात नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रियांना, त्यांत निरक्षरही होत्या, ती खूण ओळखता आली. लावणीने लांबलेले चक्रही या पद्धतीत लांबलेले म्हणूनच दिसते. तरी प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की त्या चाचणीत शंभर स्त्रियांमागे वर्षाकाठी सुमारे वीस जणींना दिवस गेले, बहुतेकदा नियम माहीत असून पाळता न आल्यामुळे. आणि नियम पाळणे दोघांचे काम असते. मण्यांची माळही परत आली आहे. 'माला चक्र' या नावाने भारतात शिकविल्या गेलेल्या बत्तीस मण्यांच्या या माळेत जपण्याचे मणी पांढरे असून ते अंधारात चमकतात. मात्र ती फक्त २६ ते ३२ दिवसांचे चक्र असलेल्या स्त्रीसाठी आहे. ज्यांचे चक्र त्याबाहेर जाते त्यांनी तिच्यावर विसंबू नये, आणि पाळी तीन महिने बंद राहिली तर ऋतूला दोष न देता डॉक्टरांकडे जावे.

आमच्या परिचयातील एक तरुण परिचारिका विवाहानंतर वर्षभर आपला तक्ता घेऊन एका शिक्षिकेकडे जात असे. तक्ता जुळत नाही, तू नीट लिहीत नाहीस, असे तिला दोन-तीनदा ऐकावे लागले. पुढे तिने रात्रपाळीचे आठवडे तांबड्या पेन्सिलीने रंगवून आणले. लांबलेली चक्रे बहुतेक त्या तांबड्या पट्ट्यांच्या मागोमाग होती. आता त्या शिक्षिका आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक जोडप्याच्या तक्त्यात एक रकाना जास्त आखतात: रात्री दिवा किती वाजता मालवला.